स्टीलहेडची मासेमारी आणि वॉशिंग्टन राज्याचा कारभार: हौशी मच्छीमारांच्या नाराजीचा आढावा

स्टीलहेड हा रेनबो ट्राउटचाच समुद्रात जाऊन नदीत परतणारा प्रकार आहे. हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि केरळातील मुन्नारच्या थंड पाण्यात जो रेनबो ट्राउट बाहेरून आणून वाढवला गेला, त्याची आणि स्टीलहेडची प्रजाती एकच, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, तो मूळचाच. पिल्ले नदीत साधारण एक ते तीन वर्षे काढतात, मग प्रशांत महासागरात उतरतात, तिथे आणखी एक ते तीन वर्षे वाढतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीकडे वळतात. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेडमधले काही मासे मात्र समुद्र गाठून पुन्हा एकदा अंडी घालायला येऊ शकतात. नदीत शिरण्याच्या काळावरून त्याचे दोन गट पडतात. हिवाळी मासा नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमारास येतो आणि त्याच वसंतात अंडी घालतो. उन्हाळी मासा मे ते ऑक्टोबरमध्ये शिरतो आणि पुढचा वसंत येईपर्यंत नदीतच मुक्काम करतो.

गळाने मासे धरणाऱ्यांत या माशाचा मान मोठा. ऐन थंडीत कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभे राहूनही तो लागेलच असे नाही. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक मिळतो, असे तिकडे म्हटले जाते. वॉशिंग्टनने १९६९मध्ये त्याला राज्यमासा ठरवले. त्याच राज्यात गेली पन्नास वर्षे या माशाचा हंगाम ठरवणाऱ्या सरकारी खात्याविषयी हौशी मच्छीमारांत असंतोष धुमसत आहे. हंगाम ऐनवेळी बंद होतो, मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही, महत्त्वाची बोलणी बंद दाराआड होतात, अशा या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. मात्र मासा ज्या कारणांनी घटतो त्यांतली बहुतेक राज्याच्या हुकमतीबाहेरची आहेत. राज्याला एकट्याने आणि तातडीने उचलता येणारे पाऊल एकच, ते म्हणजे गळाचा हंगाम आखडणे. तेच पाऊल वारंवार उचलले जाते आणि सगळा राग तिथेच येऊन साचतो.

खात्याची घडण

वॉशिंग्टनमध्ये अनेक दशके माशांचा कारभार दोन खात्यांत वाटलेला होता. सॅमन आणि व्यापारी मासेमारी मत्स्य खात्याकडे, तर स्टीलहेड शिकार खात्याकडे. शिकार खात्याचा खर्च मुख्यतः शिकारी आणि हौशी मच्छीमारांच्या परवाना शुल्कातून चाले. त्यामुळे हे आपले खाते आणि स्टीलहेड हा आपला मासा, अशी भावना या वर्गात मुरलेली होती. १९९४मध्ये दोन्ही खाती एकत्र होऊन मासे व वन्यजीव खाते तयार झाले. त्याच्यावर राज्यपालांनी नेमलेल्या नऊ सदस्यांचा आयोग असतो आणि १९९५च्या जनमतानंतर या आयोगाचे अधिकार वाढले. एका छपराखाली व्यापारी जाळी, आदिवासी जमातींशी करार, वन्यजीव संरक्षण आणि हौशी मासेमारी असे सगळे आल्यावर आपले वजन कमी झाले, ही हौशी मच्छीमारांची जुनी खंत आहे.

बोल्ट निकाल आणि निम्मा वाटा

या प्रश्नाचा कायदेशीर पाया १८५४-५५मधला आहे. त्या वेळचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी तिथल्या मूळ रहिवासी जमातींशी करार केले. जमातींनी प्रचंड भूभाग सोडला आणि आपल्या परंपरागत जागी, नव्या रहिवाशांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने हा हक्क जवळजवळ नाकारला. स्टीलहेड हा खेळासाठीचा मासा असल्याचे सांगून त्याच्यावर जाळे टाकायला बंदी घातली गेली, म्हणजे व्यवहारात सगळा मासा गळवाल्यांच्या वाट्याला आला. प्युअलप जमातीच्या खटल्यात १९७३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवली. त्याच निकालात, करार असला तरी शेवटचा मासा संपेपर्यंत जाळे टाकण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही, हेही बजावले.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी दिलेला निकाल निर्णायक ठरला. अंडी घालण्यासाठी आवश्यक तेवढे मासे नदीत सोडल्यानंतर जे धरण्याजोगे उरतील त्यांतला निम्मा वाटा करारबद्ध जमातींचा, असे त्यांनी ठरवले. १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल मूलतः कायम ठेवला. जमाती राज्याच्या बरोबरीच्या सहव्यवस्थापक झाल्या. नदीकाठी निदर्शने झाली, जाळी कापली गेली. १९८४मध्ये ४५६ क्रमांकाचा जनप्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. जमातींचे खास मासेमारी हक्क अमान्य करावेत आणि स्टीलहेडची व्यापारी मासेमारी अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) थांबवावी, असा त्याचा रोख होता. करार हा देशाचा सर्वोच्च कायदा असल्याने राज्यातल्या मतदानाने तो बदलत नाही. प्रस्ताव कागदावर राहिला.

आजच्या नाराजीत या निकालाचे दोन परिणाम थेट दिसतात. पहिला म्हणजे हंगामाची बोलणी. राज्य आणि जमाती ही सरकारे समोरासमोर बसतात. मच्छीमारांच्या वाट्याला आधी सूचना मांडणे आणि नंतर निर्णय ऐकणे एवढेच येते. २०१६मध्ये प्युजेट साउंड या आखातातील सॅमनच्या हंगामावर एकमत झाले नाही तेव्हा तिथली मासेमारी काही आठवडे थांबली, तीही बंद खोलीतल्या वादामुळे. दुसरा परिणाम न वापरलेल्या वाट्याचा. एका बाजूने आपला वाटा उचलला नाही तर दुसरी बाजू तो उचलू शकते, असे हे तत्त्व. ‘आम्ही मासे सोडून देतो आणि तेच पुढे जाळ्यात जातात,’ ही तक्रार इथून येते. जमातींची बाजू याला सरळ उत्तर देते: मासा कमी झाला तो धरणे, जंगलतोड आणि शहरांमुळे, आणि करारातला हक्क हा कोणी दिलेला नाही, राखून ठेवलेला आहे. जमाती स्वतः हॅचऱ्या (पिल्ले वाढवून नदीत सोडणारी केंद्रे) चालवतात, नद्यांची दुरुस्ती करतात आणि कमी माशांच्या वर्षी आपली जाळीही आवरतात, हे वादाच्या भरात बऱ्याचदा विसरले जाते.

मोजणीचा घोळ

हंगाम ठरतो तो आकड्यांवर, आणि आकडे येतात नदीकाठच्या पाहणीतून. मादी शेपटीने तळातले गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि पुन्हा गोट्यांनी झाकते. ताजा खळगा भोवतालच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ दिसतो. कर्मचारी पायी किंवा तराफ्याने जाऊन असे खळगे मोजतात, खुणा करतात आणि काही दिवसांनी तोच टप्पा पुन्हा पाहतात. एका खळग्यामागे साधारण १.६२ मासे धरून एकूण संख्या काढण्याची पद्धत रूढ आहे. १५ मार्चच्या आधीचा खळगा हॅचरीच्या माशाचा आणि नंतरचा रानटी, म्हणजे नदीतच जन्मलेल्या, माशाचा, अशी ढोबळ विभागणीही वर्षानुवर्षे चालत आली.

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. पाऊस पडून नदी गढूळ झाली की आठवडेच्या आठवडे मोजणी बंद. पूर आला की खळगे पुसले जातात. १५ मार्चची रेघ तर आणखी घातक, कारण पूर्वी रानटी माशांचाही एक भाग लवकर येत असे. तो नोंदीत हॅचरीच्या खात्यावर जमा झाला आणि त्याच्या घटीकडे लक्षच गेले नाही, असा आक्षेप अभ्यासकांनीही घेतला आहे.

नदीत किती मासे अंडी घालायला पोचले पाहिजेत, त्याची किमान उद्दिष्टेही १९८०च्या दशकातली आहेत. होह नदीसाठी २,४०० आणि क्विलायूट नदीसमूहासाठी ५,९०० हे आकडे तेव्हापासून चालत आले. क्वीट्स नदीचे उद्दिष्ट तर राज्य एक मानते आणि क्विनॉल्ट जमात दुसरे. रानटी माशाच्या बाजूचे मच्छीमार म्हणतात, ही उद्दिष्टे फार खाली ठेवली आहेत. हंगाम हवा असणारे म्हणतात, नदीची आजची क्षमता न पाहता जुना आकडा धरून दार बंद केले जाते. दोघांचा आक्षेप उलट दिशेचा, पण रोख एकच: आधाराची माहिती जुनी आहे.

पकडून सोडलेल्या माशाबद्दलही असेच. सोडलेल्यांपैकी दहा टक्के मरतात, असे खाते हिशेबात धरते. म्हणजे हजार मासे गळाला लागून सुटले की शंभर मेले, अशी नोंद होते. पाणी थंड, आमिष कृत्रिम आणि हाताळणी नीट असेल तर मृत्यू याहून कमी होतात. पाणी तापलेले असेल किंवा गाबोळीसारखे खरे आमिष माशाने गिळले असेल तर वाढतात. सरसकट एकच टक्का लावल्याने काळजी घेणाऱ्याला काही फायदा मिळत नाही, असे मच्छीमारांचे म्हणणे. दुसरीकडे, गर्दीच्या नदीत एकच मासा हंगामात एकाहून अधिक वेळा गळाला लागतो, हे खात्याच्या पाहण्यांतून दिसले आहे.

हॅचरीचा प्रश्न

हॅचरीतल्या माशाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर पिल्लू असतानाच कापतात. मासा हातात आला की तिथे बोट फिरवायचे. पर नसेल तर हॅचरीचा, घरी नेता येतो; पर असेल तर रानटी, पाण्यातच सोडायचा. वॉशिंग्टनच्या पश्चिम भागात हिवाळ्यासाठी चेंबर्स क्रीक आणि उन्हाळ्यासाठी स्कामेनिया या दोन वाणांची पिल्ले वर्षानुवर्षे अनेक नद्यांत सोडली गेली. चेंबर्स क्रीकचा वाण मुद्दाम लवकर परतणारा निवडला होता, म्हणजे रानटी मासा यायच्या आत तो पकडून संपेल.

प्रत्यक्षात काही मासे उरतात, रानटी माशांशी त्यांचा संकर होतो आणि अशा संततीची जगण्याची क्षमता कमी असते, असे अनेक अभ्यासांनी दाखवले. वाइल्ड फिश कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने धोक्यातील प्रजातींच्या केंद्रीय कायद्याखाली दावा लावला आणि २०१४मध्ये खात्याने तडजोड केली. प्युजेट साउंडला मिळणाऱ्या बहुतेक नद्यांत त्या वर्षी चेंबर्स क्रीकची पिल्ले सोडली नाहीत. स्कॅजिट नदीत तर बारा वर्षे सोडायची नाहीत असे ठरले. नदीसाठी वाढवलेली पिल्ले तळ्यांत सोडावी लागली. याच सुमारास ऑलिम्पिक द्वीपकल्पातील सोल डक नदी रानटी स्टीलहेडसाठी राखीव ठरली आणि तिथल्या मार्गदर्शक मच्छीमारांच्या मदतीने १९८६पासून चाललेला पिल्ले वाढवण्याचा उपक्रम थांबला.

इथे मच्छीमारांची आपसातलीच फळी फुटते. घरी मासा न्यायचा आहे, गावात पर्यटक हवा आहे, त्यांना हॅचरी हवी. गळाला कृत्रिम माशी बांधून, पकडून सोडणाऱ्यांतल्या अनेकांना ती नको. खाते कोणताही निर्णय घेवो, निम्मे लोक नाराज होणार हे ठरलेले. खात्याचा खरा दोष असा की केंद्राच्या परवानगीची कागदपत्रे वर्षानुवर्षे अपुरी राहिली आणि धोरण आयोगाऐवजी न्यायालयातल्या तडजोडीने ठरले.

केंद्रीय कायदा आणि स्कॅजिटचा धडा

१९९७पासून कोलंबिया आणि स्नेक नद्यांतले स्टीलहेडचे गट एकामागून एक धोक्यातील प्रजातींच्या कायद्याखाली आले. प्युजेट साउंडचा गट मे २००७मध्ये संकटग्रस्त ठरला. एकदा मासा या यादीत गेला की राज्याला स्वतःच्या मर्जीने हंगाम उघडता येत नाही. केंद्राच्या सागरी मत्स्यसेवेने योजना मंजूर करावी लागते.

स्कॅजिट ही वसंतात पकडून सोडण्याच्या मासेमारीसाठी नावाजलेली नदी. २०१०पासून हा हंगाम बंद झाला. पुढे मासे वाढले, २०१३ ते २०१५ या काळात परतणाऱ्यांची संख्या आठ हजारांच्या घरात होती, तरी नदी बंदच, कारण केंद्राला सादर करायची योजनाच तयार नव्हती. २०१३च्या एप्रिलमध्ये ‘ऑक्युपाय स्कॅजिट’ या नावाने मच्छीमार रॉकपोर्टच्या नदीकाठी जमले आणि त्यांनी दोरीला गळ न लावताच ती पाण्यात फेकली. कायदा मोडला नाही, म्हणणे मात्र पोचले. अखेर राज्य आणि जमातींनी मिळून योजना केली आणि एप्रिल २०१८मध्ये थोड्या दिवसांसाठी हंगाम उघडला.

ही योजना पायऱ्यांची आहे. परतणारे मासे ४,०००पर्यंत असतील तर सर्व प्रकारची मासेमारी मिळून चार टक्केच मृत्यू चालतील. ६,०००पर्यंत दहा टक्के, ८,०००पर्यंत वीस टक्के आणि त्याहून जास्त असतील तर पंचवीस टक्के. नियम आधीच माहीत असल्याने बंदी आली तरी तिचे कारण समजते. मात्र अट अशी की नदीवर देखरेखीसाठी माणसे हवीत, आणि त्यांचा पगार विधिमंडळाच्या अंदाजपत्रकातून यावा लागतो. मासे पुरेसे आहेत पण पैसे नाहीत म्हणून हंगाम अडणे, ही स्कॅजिटवरची नवी तक्रार आहे.

किनाऱ्यावरच्या नद्या

ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील होह, क्वीट्स, क्विनॉल्ट आणि क्विलायूट या नद्या बराच काळ शेवटचा आसरा मानल्या गेल्या. प्युजेट साउंड बंद झाल्यावर सगळी गर्दी इकडे लोटली. होहचेच पाहिले तर उगमाकडचा भाग राष्ट्रीय उद्यानात, मधला राज्याच्या अखत्यारीत आणि मुखाशी होह जमातीची राखीव भूमी. एकाच नदीवर तीन सत्ता आणि तीन नियमावल्या. शिवाय, १९८१मधल्या होह जमातीच्या खटल्याने हिशेब नदीनिहाय करणे बंधनकारक केले, त्यामुळे एका नदीतली तूट दुसरीत भरून काढता येत नाही.

या नद्यांतून रानटी मासा घरी नेण्याची मुभा २०१६मध्ये संपली. पुढे २०२०च्या डिसेंबरमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर, खात्याने तातडीचा नियम काढला: नावेत बसून गळ टाकायचा नाही, आमिष वापरायचे नाही, गळ एकच आणि उलट्या दाताविना. नावेने नदीतून जाता येईल, पण मासा धरायचा तर काठावर उतरायचे. द्वीपकल्पातल्या फोर्क्ससारख्या गावांतल्या वाटाड्यांचा धंदा नावेवर चालतो, गिऱ्हाईक महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवतात. वयस्क आणि अपंग मच्छीमारांना घसरड्या काठावर उतरणे जमत नाही. नावेतून पकडलेल्या माशांचे प्रमाण फार मोठे असल्याने नदी पूर्ण बंद करण्यापेक्षा हा मार्ग बरा, असे खात्याचे म्हणणे होते. पुढच्या हंगामात चेहेलिस, क्वीट्स, क्विनॉल्ट यांसारख्या नद्या सुरुवातीपासून बंद राहिल्या आणि उरलेल्याही १ मार्च २०२२पासून बंद झाल्या, म्हणजे ऐन रानटी माशाच्या दिवसांत.

२०२२मध्ये दोन संरक्षक संस्थांनी या द्वीपकल्पाचा स्टीलहेडही केंद्राच्या यादीत घालावा, असा अर्ज केला आणि २०२३मध्ये सागरी मत्स्यसेवेने तो सविस्तर तपासणीसाठी स्वीकारला. स्कॅजिटचा अनुभव पाहिलेल्या मच्छीमारांना या यादीची धास्ती वाटते. काहींना मात्र राज्याला शिस्त लावायचा तोच एक उपाय वाटतो.

नदीबाहेरची कारणे

हौशी मासेमारी आखडूनही मासा का वाढत नाही, याचे उत्तर बरेचसे नदीबाहेर आहे. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात पाणी असाधारण तापले, अन्नसाखळी बिघडली. २०२१मध्ये कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाशी मोजलेले उन्हाळी स्टीलहेड १९३८मध्ये मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकी पातळीवर होते. हूड कॅनॉलवरील तरंगत्या पुलाचे तराफे पाण्यात खोलवर जातात. समुद्राकडे निघालेली पिल्ले तिथे अडखळतात, सील त्यांना टिपतात, आणि तिथवर पोचलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत पिल्ले मरतात असे आढळले आहे. रस्त्यांखालच्या मोऱ्यांनी ओढ्यांचे मार्ग तोडले होते. ते मोकळे करण्याचा आदेश न्यायालयाने राज्याला दिला आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो कायम राहिला.

सिएटलच्या बॅलर्ड जलपाशाचे उदाहरण बोलके आहे. १९८०च्या दशकात समुद्रसिंह तिथल्या मत्स्यमार्गाच्या तोंडाशी येऊन लेक वॉशिंग्टनकडे जाणारे स्टीलहेड खाऊ लागले. त्यांना ‘हर्शेल’ हे टोपणनावही मिळाले. खात्याने फटाके वाजवले, काही प्राण्यांना कॅलिफोर्नियात नेऊन सोडले. ते पोहत परत आले. १९७२च्या सागरी सस्तन प्राणी कायद्यामुळे त्यांना मारणे शक्य नव्हते. १९९४मध्ये कायद्यात वाट काढली गेली तोवर मासे काही डझनांवर आले होते, आणि तिथला स्टीलहेडचा गट पुन्हा सावरला नाही. सील आणि समुद्रसिंहांबाबत राज्य ढिले आहे, ही तक्रार आजही ऐकू येते. अधिकार मात्र केंद्राकडे आहे.

शेजारची राज्ये

हा प्रश्न वॉशिंग्टनपुरता नाही. आयडाहोत केंद्राची परवानगी २०१०मध्ये संपली होती तरी हंगाम चालू राहिला. २०१८मध्ये संरक्षक संस्थांनी दाव्याची नोटीस दिली, तेव्हा तिथल्या आयोगाने डिसेंबरमध्ये हंगाम थांबवण्याचा निर्णय घेतला. नदीकाठची गावे हादरली आणि शेवटच्या क्षणी तडजोड होऊन तो टळला. नवी परवानगी पुढच्या वर्षी आली. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांत नदीतला स्टीलहेड सांभाळतो, पण समुद्रातली सॅमनची जाळी केंद्राच्या हातात. थॉम्पसन आणि चिलकोटिन नद्यांतला मासा २०१८मध्ये तज्ज्ञ समितीने तातडीने धोक्यातील म्हणून घोषित केला. २०१९मध्ये केंद्र सरकारने त्याला कायद्याच्या यादीत घालायला नकार दिला. पद्धती वेगळ्या, पण जिथे माशाचा मार्ग अनेक सत्तांच्या हद्दीतून जातो तिथे गळवाल्याचा हंगामच आधी कापला जातो.

मागण्या आणि शक्यता

मच्छीमारांच्या मागण्या तपासल्या तर त्यांचे दोन गट पडतात. सील आवरणे, धरणे हटवणे, जमातींचा वाटा बदलणे या मागण्या राज्याला एकट्याने पुऱ्या करता येत नाहीत; शेवटची तर करारांमुळे जवळजवळ अशक्यच. दुसऱ्या गटातल्या मागण्या खात्याच्या आवाक्यात आहेत: हंगामाचा निर्णय गिऱ्हाइकांच्या आरक्षणाआधी जाहीर करणे, जुनी उद्दिष्टे नव्याने तपासणे, मोजणीला ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनारसारखी साधने देणे, केंद्राची परवानगी संपण्याआधी कागदपत्रे पाठवणे आणि जमातींशी झालेल्या बोलण्यांचा गोषवारा उघड करणे. विधिमंडळाच्या निर्देशानुसार २०२२मध्ये किनाऱ्यावरच्या नद्यांसाठी आराखडा तयार झाला, त्यात यातल्या काही गोष्टी आल्या आहेत.

पैसा हा इथला कळीचा भाग. कोलंबियातील सॅमन व स्टीलहेडसाठी परवान्यावर ८.७५ डॉलरचे वेगळे शुल्क घेतले जाई आणि त्यातून देखरेख चाले. विधिमंडळाने मुदत न वाढवल्याने ते जून २०१९मध्ये संपले आणि देखरेखीची अट असलेले हंगाम अडचणीत आले. मोजणी नसेल तर खाते सावधगिरीने दार बंदच ठेवते, आणि दार बंद असेल तर परवाने घटून मोजणीचा पैसाही आटतो. स्कॅजिटसारखी पायऱ्यांची योजना प्रत्येक मोठ्या नदीसाठी करून तिच्या देखरेखीची कायम तरतूद झाली, तर मासा वाढेलच असे नाही; पण हंगाम का उघडला आणि का मिटला याचे उत्तर मच्छीमाराला हंगामाआधी मिळेल. राज्याच्या हातात असलेल्या उपायांत हाच सर्वांत कमी वादाचा आहे.